बारा ग्रॅम प्रथिनांचा हिशेब

प्राथमिक शाळेतील मध्यान्ह भोजनातून प्रत्येक मुलाला दररोज ४५० कॅलरी ऊर्जा आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा केंद्र सरकारचा निकष आहे. त्यासाठी मुलामागे १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ दिली जाते. शंभर ग्रॅम तांदळात सुमारे सात ग्रॅम प्रथिने असतात आणि वीस ग्रॅम तुरीच्या डाळीत साडेचार ग्रॅमच्या आसपास. बेरीज बाराच्या जवळ जाते आणि कागदावर निकष पूर्ण होतो. तथापि ताटातील बारा ग्रॅमांपैकी किती ग्रॅम मुलाच्या रक्तामांसापर्यंत पोहोचतात, हा प्रश्न या बेरजेतून सुटत नाही. अन्नरसायनशास्त्राची एक मोठी शाखा याच प्रश्नावर उभी आहे. दूध, अंडी आणि मांस ज्यांना परवडत नाही किंवा वर्ज्य असते, अशा कोट्यवधी भारतीयांसाठी प्रथिनांचे पर्यायी स्रोत शोधण्याचे काम गेली सुमारे नव्वद वर्षे आपल्या प्रयोगशाळांतून चालले आहे. त्या कामाचे स्वरूप समजून घेण्यासाठी एका प्राध्यापिकेची कारकीर्द उत्तम वाटाड्या ठरते. डॉ. कमला सोहोनी या त्या प्राध्यापिका होत.

बंगळूरची अट

कमलाबाईंचा जन्म १९११ मध्ये इंदूर येथे भागवत कुटुंबात झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनतज्ज्ञ. ज्येष्ठ लेखिका आणि लोकसंस्कृतीच्या अभ्यासक दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी. घरात शिक्षणाचे वातावरण असल्यामुळे मुंबई विद्यापीठाची रसायन व भौतिकशास्त्राची पदवी १९३३ मध्ये मिळाल्यावर कमलाबाईंनी वडिलांच्याच संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला, हे स्वाभाविक होते. अर्ज फेटाळण्यात आला. त्या वेळी संस्थेचे संचालक नोबेल पारितोषिक विजेते सर चंद्रशेखर वेंकट रामन होते. मुलींना संशोधन झेपणार नाही, अशी त्यांची धारणा होती. कमलाबाईंनी बंगळूर गाठले आणि संचालकांच्या कार्यालयापुढे सत्याग्रह आरंभिला. अखेर त्यांना प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागणार होते आणि त्यांच्या उपस्थितीमुळे प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये, असे बजावण्यात आले होते. या अटींचा सल कमलाबाईंच्या मनात अखेरपर्यंत राहिला. वर्षभरातील काम पाहून मात्र रामन यांनी त्यांना नियमित प्रवेश दिला आणि त्यानंतर संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले.

मार्गदर्शक एम. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास सुरू केला. विषयाची निवड लक्षात घेण्याजोगी आहे. त्या काळी पाश्चात्त्य देशांतील प्रथिनसंशोधन प्रामुख्याने दूध, अंडी, मांस आणि गहू यांभोवती फिरत होते. तूर, मूग, वाल, मटकी यांच्या प्रथिनांची घडण कशी असते, हे तपासण्याची निकड ज्या देशाचे लोक ती खातात त्यालाच भासणार होती. १९३६ मध्ये त्यांना पदव्युत्तर पदवी विशेष प्रावीण्यासह मिळाली.

पुढील शिक्षणासाठी त्या केंब्रिजला गेल्या आणि सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. प्रथिनांच्या दृष्टीने या प्रयोगशाळेला एक परंपरा होती. हॉपकिन्स यांनी १९०१ मध्ये ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल वेगळे काढले होते. केवळ मक्यातील झेइन या प्रथिनावर पोसलेले उंदीर लवकर मरतात आणि ट्रिप्टोफॅन दिल्यास अधिक काळ जगतात, हे त्यांच्या प्रयोगांतून १९०६ मध्ये दिसून आले होते. सारी प्रथिने सारखी नसतात, ही आज सर्वमान्य असलेली गोष्ट तेथे प्रथम ठसठशीतपणे पुढे आली. केंब्रिजमध्ये कमलाबाईंचा विषय मात्र बदलला. रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या ऊतींवर काम करताना बटाट्यात त्यांना सायटोक्रोम-सी हे श्वसनाशी निगडित प्रथिन आढळले. ते वनस्पतींच्या पेशींतही असते, हे त्यांच्या प्रबंधाने दाखवून दिले. प्रबंध अवघ्या चाळीस पृष्ठांचा होता. १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळवून त्या भारतात परतल्या. विज्ञानात ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो.

नत्राचा फसवा आकडा

कमलाबाईंच्या पुढील कामाचे मोल कळण्यासाठी प्रथिने मोजतात कशी, हे पाहणे आवश्यक आहे. अन्नपदार्थातील प्रथिने थेट मोजली जात नाहीत, तर त्यातील नत्र मोजला जातो. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग मद्यनिर्मिती कारखान्याच्या प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये ही पद्धती बसविली. पदार्थ तीव्र गंधकाम्लात उकळावयाचा, त्यातील नत्राचे अमोनियाच्या क्षारात रूपांतर करावयाचे आणि मग तो अमोनिया ऊर्ध्वपातनाने वेगळा करून मोजावयाचा. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नत्र असतो असे धरून नत्राच्या आकड्याला ६.२५ ने गुणले की ‘प्रथिने’ मिळतात. शालेय भोजनाचा हिशेब असो वा बिस्किटाच्या वेष्टनावरील तक्ता, त्यामागे बहुधा हाच गुणाकार असतो.

यात दोन उणिवा आहेत. पहिली म्हणजे १६ टक्के ही केवळ सरासरी आहे. भुईमुगाच्या प्रथिनांसाठी अचूक गुणक ५.४६ आहे. त्याऐवजी ६.२५ वापरला तर प्रथिने सुमारे १४ टक्क्यांनी फुगून दिसतात. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. नत्र प्रथिनातून आला की अन्य कशातून, हे ही पद्धती ओळखत नाही. २००८ मध्ये चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन हे नत्रयुक्त औद्योगिक रसायन मिसळून प्रथिनांचा आकडा वाढविण्यात आला. जवळजवळ तीन लाख बालके त्यामुळे आजारी पडली व सहा दगावली. सव्वाशे वर्षांच्या एका जुन्या मोजणीतील फट भेसळ करणाऱ्यांना नेमकी ठाऊक होती.

मोजणी प्रामाणिक असली तरी आकड्याला मर्यादा असतात. शरीराला नऊ आवश्यक अमिनो आम्ले अन्नातूनच घ्यावी लागतात. त्यांपैकी जे सर्वांत कमी असेल, त्याच्या प्रमाणातच बाकीच्यांचा उपयोग होतो. धान्यांत लायसिन कमी असते, तर डाळींत मेथिओनिन. दोन्ही एकत्र आले की एकाची उणीव दुसरे भरून काढते. वरण-भात, खिचडी, इडली, राजमा-चावल ही जोडपी देशभर पिढ्यान्‌पिढ्या का टिकली, याचे एक स्पष्टीकरण अन्नरसायनाने असे दिले. अर्थात हे रसायन कोणा सुगरणीने तपासून पाहिले नव्हते. त्यामुळे परंपरेत सारे विज्ञानच भरलेले होते, असा निष्कर्ष त्यावरून काढणे उतावीळपणाचे ठरेल. खेसारीचे उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे आणि त्याकडे पुढे वळावयाचे आहे.

वालातील अडसर

भारतात परतल्यावर कमलाबाईंनी दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुखपद स्वीकारले. नंतर निलगिरीतील कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्या सहायक संचालक झाल्या. हीच प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला हलविण्यात आली आणि आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. १९४७ मध्ये विमागणिततज्ज्ञ एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईत आल्या. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स या शासकीय संस्थेत तेव्हा जीवरसायनशास्त्राचा विभाग नव्याने सुरू होत होता. तेथे प्राध्यापक म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने जे काम उभे केले, ते त्यांच्या कारकिर्दीचा गाभा होय.

खाल्लेल्या प्रथिनांचे लहान आतड्यात तुकडे होतात. हे काम ट्रिप्सिनसारखी विकरे करतात आणि ती स्वादुपिंडातून स्रवतात. कच्च्या कडधान्यांत मात्र ट्रिप्सिनला चिकटून त्याचे काम थांबविणारी काही प्रथिने असतात. त्यांना ट्रिप्सिन-संदमक म्हणतात. दाण्याला कुरतडणाऱ्या किडीचे पचन बिघडविण्यासाठी वनस्पतीने केलेली ही तजवीज असून ती माणसालाही बाधते. १९१७ मध्ये अमेरिकेत ऑस्बोर्न आणि मेंडेल यांना आढळून आले होते की, कच्च्या सोयाबीनवर उंदीर वाढत नाहीत, पण तेच सोयाबीन शिजवून दिले तर वाढतात. १९४५ मध्ये कुनिट्झ यांनी सोयाबीनमधील संदमक स्फटिकरूपात वेगळे केले आणि कोड्याचा मोठा भाग उलगडला.

सोयाबीन तेव्हा भारताचे पीक नव्हते. भारताच्या ताटातील कडधान्यांत हा अडसर कितपत आहे, हा प्रश्न मुंबईच्या प्रयोगशाळेने हाती घेतला. १९५० नंतरच्या दशकात कमलाबाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय अन्नपदार्थांतील ट्रिप्सिन-संदमकांची क्रमाने तपासणी केली आणि वाल व डबल बी यांतील संदमक स्फटिकरूपात मिळविले. वालाच्या पोषणमूल्यावरही या विभागातून संशोधन झाले.

संदमक किती घातक आहे, हे त्याच्या परिणामांच्या साखळीतून ध्यानात येते. ट्रिप्सिन अडून राहिल्याने स्वादुपिंड आणखी ट्रिप्सिन तयार करते आणि प्रयोगातील उंदरांमध्ये तर ते आकारानेही वाढते. या विकरांत गंधकयुक्त अमिनो आम्लांचे प्रमाण बरेच असते. ती अमिनो आम्ले शरीरातूनच खर्च होतात आणि पुष्कळशी शौचावाटे वाया जातात. कडधान्यांत मुळातच ज्यांचा तुटवडा, नेमकी तीच अमिनो आम्ले अशी दुहेरी गमवावी लागतात. म्हणजे अर्धवट शिजलेल्या उसळीतील प्रथिने केल्डालच्या मोजणीत पूर्ण दिसतात, परंतु मुलाच्या वजनात ती तेवढ्या प्रमाणात उतरत नाहीत. इंधन वाचविण्यासाठी लवकर उतरविलेले भांडे ही गरीब घरातील नित्याची बाब असते, हे लक्षात घेतले म्हणजे प्रयोगशाळेतील स्फटिकांचा संबंध चुलीशी कसा पोहोचतो, हे समजते.

कोकणात वाल रात्रभर भिजवून, मोड आणून, सोलून त्यांचे बिरडे करतात. भिजविल्याने काही अपायकारक द्रव्ये पाण्यात उतरतात, सालीबरोबर टॅनिन जाते आणि पाण्यात उकळल्याने संदमकांची घडण पुष्कळ अंशी मोडते. मात्र सर्व संदमक सारखे नसतात. कुनिट्झ यांनी शोधलेला प्रकार उष्णतेने तुलनेने सहज निकामी होतो. बोमन-बर्क या नावाने ओळखला जाणारा दुसरा प्रकार गंधकाच्या सात बंधांनी घट्ट बांधलेला असल्यामुळे अधिक टिकाव धरतो. कोणते कडधान्य किती वेळ आणि कसे शिजवावे, याचे उत्तर म्हणूनच एका वाक्यात देता येत नाही.

कमलाबाईंच्या प्रयोगशाळेने नीरा आणि भातगिरणीतून निघणारे धानाचे पीठ यांवरही संशोधन केले. नीरेवरील कामाची सूचना राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांची होती. कुपोषित आदिवासी मुले आणि गर्भवती महिलांना नीरा दिल्यास प्रकृतीत सुधारणा होते, असे त्यांना दिसून आले आणि या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. आरे दूध योजनेलाही त्यांनी दूध नासू नये यासाठी तांत्रिक सल्ला दिला. एवढे काम नावावर असूनही संस्थेच्या संचालकपदासाठी त्यांना सुमारे चार वर्षे ताटकळावे लागले. बंगळूरच्या अटी लेखी-तोंडी सांगितल्या तरी गेल्या होत्या. ही अट कोणी बोलून दाखविली नाही, एवढाच काय तो फरक.

पेंडीतून अन्न

मुंबईत वालाचे विश्लेषण चालू असताना म्हैसूरमध्ये वेगळ्या वाटेने प्रयत्न होत होता. १९५० मध्ये तेथे केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था स्थापन झाली. व्ही. सुब्रह्मण्यन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे भुईमुगाच्या पेंडीकडे लक्ष वळविले. तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीत जवळपास निम्मी प्रथिने असतात आणि ती गुरांना घातली जात होती किंवा खत म्हणून शेतात जात होती. स्वच्छ दाण्यांपासून काढलेले तेलविरहित पीठ ७५ भाग आणि हरभऱ्याचे पीठ २५ भाग एकत्र करून त्यात जीवनसत्त्वे व खनिजे मिसळलेले ‘भारतीय बहुउद्देशीय अन्न’ या संस्थेने तयार केले. पुढे भुईमुगाची प्रथिने आणि म्हशीचे दूध यांच्या मिश्रणातून ‘मिल्टोन’ हे पेयही बनविण्यात आले. पर्यायी प्रथिने हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी देशात हे काम झाले होते.

या वाटेवर दोन मोठे खड्डे आले. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात रोगाने मेले. त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीवर वाढलेल्या बुरशीत त्याचे कारण सापडले. अफ्लाटॉक्सिन हे ते विष यकृताला घातक असून कर्करोगालाही कारणीभूत ठरते. भुईमुगाच्या प्रथिनांवर बेतलेल्या जगातील प्रत्येक योजनेला त्यानंतर दाणे निवडण्यापासून साठवणीपर्यंत सारी साखळी तपासावी लागली. ओलसर गोदामे असलेल्या देशात हे खर्चाचे काम होते.

दुसरा खड्डा सैद्धान्तिक होता. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालाने जगावर प्रथिनांचे संकट कोसळू पाहत असल्याचा इशारा दिला होता. त्याच सुमारास हैदराबादला डॉ. सी. गोपालन यांना वेगळे चित्र दिसत होते. सुजेने ग्रासलेली आणि नुसती वाळत गेलेली अशा दोन्ही प्रकारच्या कुपोषित मुलांच्या आहारात प्रथिनांच्या प्रमाणात म्हणावा तसा फरक नव्हता. सातारा जिल्ह्यात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी भारतीय आहाराच्या आकडेवारीवरून दाखवून दिले की, ज्यांना प्रथिने कमी पडतात त्यांपैकी बहुतेकांना मुळात पोटभर अन्नच मिळत नाही. ऊर्जा अपुरी असली की शरीर प्रथिनेच इंधन म्हणून जाळते. अशा मुलाला महागडे प्रथिनचूर्ण देणे म्हणजे शिसवी लाकूड चुलीत घालण्यासारखे होय. १९७३ मध्ये जागतिक अन्न व आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञांनी प्रथिनांच्या गरजेचे आकडे खाली आणले आणि १९७४ मध्ये डोनाल्ड मॅकलॅरन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या साऱ्या प्रकाराला प्रथिनांची महान फजिती म्हटले.

या वादाने अन्नरसायनतज्ज्ञांना एक कटू धडा दिला. तथापि वादाचा झोका काहीसा दुसऱ्या टोकाला गेला, असे आज मागे वळून पाहताना वाटते. पोटभर भात आणि पातळ आमटी मिळणाऱ्या मुलाची कॅलरीची गरज भागते, पण लायसिनची भागेलच असे नाही. प्रथिनांचे प्रमाण आणि त्यांची गुणवत्ता हे दोन प्रश्न त्या वादात पुरेसे वेगळे ठेवले गेले नाहीत.

लाखोळीची डाळ

कडधान्याचा शत्रू नेहमीच शिजवून नाहीसा होतो असे नाही. खेसारी किंवा विदर्भात लाखोळी म्हणून ओळखली जाणारी डाळ दुष्काळातही तग धरते, भाताच्या उरलेल्या ओलीवर येते आणि प्रथिनांच्या बाबतीत तुरीहून कमी नाही. मात्र महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न म्हणून खावी लागली की पाय कायमचे लुळे पडतात. आयुर्वेदाने या व्याधीला कलायखंज हे नाव दिले होते. मध्य भारतात शेतमजुरांना मजुरी म्हणून ही डाळ दिली जाई, म्हणून हा रोग दारिद्र्याचाही होता. १९६४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सर्मा यांनी तिच्यातील मज्जाविष वेगळे काढले. ते एक साधे अमिनो आम्ल निघाले. प्रथिनांत ते गुंफलेले नसते, सुटेच असते आणि केल्डालच्या नत्रात तेही बिनबोभाट मोजले जाते. त्यापूर्वीच, १९६१ मध्ये, या डाळीच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली होती. नंतर विषाचे प्रमाण कमी असलेले ‘रतन’, ‘प्रतीक’, ‘महातिवडा’ हे वाण कृषिसंशोधकांनी विकसित केले. बंदी उठवावी की नाही, यावर मात्र शेतकरी, डॉक्टर आणि व्यापारी यांची मते आजही जुळत नाहीत. कमी विषाचे वाण पेरले तरी बाजारात कोणत्या पोत्यात कोणता दाणा आहे, हे ओळखता येत नाही, ही त्यातील खरी अडचण होय.

सोयाबीन आणि त्यापुढे

१९६० नंतरच्या दशकात जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने पिवळ्या सोयाबीनचा प्रसार सुरू केला. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही त्याची प्रमुख राज्ये ठरली. सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिने व २० टक्के तेल असते. देशाने तेल घेतले आणि प्रथिनांनी भरलेल्या पेंडीचा फार मोठा भाग कोंबड्या व गुरांच्या खाद्याकडे आणि निर्यातीकडे वळविला. भुईमुगाच्या पेंडीची कहाणी नव्या पिकात पुन्हा घडली. तेलविरहित पीठ उष्णता व दाबाखाली यंत्राच्या मुखातून ढकलले की प्रथिनांचे धागे एका दिशेने जुळतात आणि मांसासारखा चावा येतो. किराणा दुकानांतील सोयावडी अशीच तयार होते. आजचे वनस्पतिजन्य ‘मांस’ ही याच क्रियेची अधिक ओलाव्यावर चालणारी, सुधारलेली आवृत्ती आहे.

सोयाबीनचा उग्र वास लायपॉक्सिजनेज या विकरामुळे येतो आणि संदमक तर त्यात आहेतच. इंदूर येथील सोयाबीन संशोधन संस्थेने अलीकडच्या वर्षांत कुनिट्झ-संदमक नसलेला ‘एनआरसी १२७’ आणि संदमकाबरोबरच वासाचे एक विकरही नसलेला ‘एनआरसी १४२’ असे वाण दिले आहेत. भट्टीत निकामी करावयाचे द्रव्य दाण्यातूनच काढून टाकल्याने घरगुती वापर आणि लहान उद्योगांचे इंधन वाचू शकते.

हिरव्या पाल्यातून प्रथिने काढण्याचे प्रयोग औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) मराठवाडा विद्यापीठात लसूणघासासारख्या पिकांवर दीर्घकाळ झाले. पोषणमूल्य चांगले ठरले, पण गर्द हिरवा रंग आणि गवताची चव लोकांच्या पचनी पडली नाही. स्पिरुलिना या शैवालाच्या वाट्यालाही अन्नापेक्षा गोळ्यांच्या बाटलीचेच स्थान आले.

आता या क्षेत्राकडे नव्याने लक्ष गेले आहे. शाकाहारी उत्पादनांतील प्राणिजन्य घटक पूर्ण वगळणाऱ्या ‘व्हेगन’ अन्नासाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ मध्ये स्वतंत्र नियम केले. पेशींपासून प्रयोगशाळेत मांस वाढविण्याच्या संशोधनाला हैदराबादमध्ये २०१९ पासून केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाचे अर्थसाह्य मिळाले. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘बायोई३’ धोरणात ‘स्मार्ट प्रथिने’ हा एक प्राधान्यविषय आहे. ही उत्पादने सध्या तरी महानगरांतील सधन ग्राहकाला डोळ्यांपुढे ठेवून बाजारात येत आहेत. शाळेच्या ताटातील वीस ग्रॅम डाळीचा विचार त्यांत दिसत नाही आणि बाजार तो आपणहून करील, असे मानण्यास आधार नाही. सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या प्रयोगशाळांचे काम येथेच सुरू होते.

संशोधकाची वाट

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यासाठी आज मार्ग अनेक आहेत. म्हैसूरच्या संस्थेत अन्नतंत्रज्ञानाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम १९६४ पासून चालतो. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, १९७६ मध्ये सुरू झालेले परभणीचे अन्नतंत्रज्ञान महाविद्यालय, २०२१ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळालेल्या कुंडली व तंजावर येथील संस्था, तसेच हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था ही त्यांपैकी काही ठळक नावे. रसायन, जीवरसायन, गृहविज्ञान किंवा कृषी यांपैकी कोणत्याही शाखेतून येथे येता येते. पाठ्यवृत्तीसाठी पात्रता परीक्षा द्यावी लागते आणि डॉक्टरेटला पाच वर्षे सहज लागतात.

अडचण प्रवेशाची नाही, विषयनिवडीची आहे. वाटाणा आणि सोयाबीन यांच्या प्रथिनांवर जगभर संशोधन होत असल्याने त्यावरील निबंध लवकर छापून येतो व त्याचा उल्लेखही होतो. कुळीथ, मटकी, वाल यांवरील काम तेवढे चमकत नाही. पदोन्नतीचे गणित निबंधांवर बेतलेले असल्याने तरुण संशोधकाचा कल कोणीकडे जाईल, हे सांगावयास नको. शिवाय प्रथिनांची गुणवत्ता ठरविण्याच्या कसोट्याही कठोर झाल्या आहेत. १९९१ च्या तज्ज्ञ अहवालाने शौचातील नत्रावरून पचनक्षमता ठरविण्याची पद्धती रूढ केली. २०१३ मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेने ती मागे टाकून लहान आतड्याच्या शेवटापर्यंत प्रत्येक अमिनो आम्ल किती शोषले गेले, हे मोजण्याची शिफारस केली. ही मोजणी महाग असते, तिला डुकरांवरील किंवा माणसांवरील प्रयोग लागतात आणि भारतीय पद्धतीने शिजविलेल्या अन्नाची अशी माहिती अद्याप विरळ आहे.

कमलाबाईंनी निवृत्तीनंतर प्रयोगशाळा सोडली, पण विषय सोडला नाही. १९६६ मध्ये मुंबईत नऊ महिलांनी स्थापन केलेल्या ग्राहक मार्गदर्शक संस्थेत त्या सक्रिय झाल्या, भेसळ कशी ओळखावी यावर संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात लिहू लागल्या आणि १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्षाही होत्या. १९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार योजिला. समारंभ चालू असतानाच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले.

त्यांनी वालातून जे स्फटिक काढले, त्यासाठी आज अत्याधुनिक उपकरणे आहेत. तरीही अन्नप्रथिनांवर संशोधन सुरू करणाऱ्या विद्यार्थ्याला पहिले काही महिने बहुधा गंधकाम्लाच्या वाफांत, केल्डालच्या फ्लास्कपुढेच काढावे लागतात.